वाणात गेलेला करंडा

झाशीच्या प्रेम नगरात कोणाच्या घरी आज कढी आहे आणि कोणाच्या घरी कालचीच गरम केली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त शलाका कोपरकर दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून काय करते, हे कोणाला कळत नसे. गंमत म्हणजे ती काही लपवत नव्हती. उलट तिचं सगळं काम तिनं इंटरनेटवर उघडं मांडलेलं होतं. कोणीही यावं, वाचावं, चूक काढावी. पण गल्लीचा स्वभाव असा, की झाकण असेल तरच उचकटून बघायचं. उघड्या पातेल्यात कोण डोकावतं?

शेवटी बकुळ वहिनींनीच विषय काढला. बकुळ वहिनी शेजारच्या. त्यांचे यजमान रेल्वेत टीसी, पण तपासणीचं खरं खातं वहिनींकडे.

"काय गं शलाका, तू कुलपं बनवतेस म्हणे?"

"हो. कॉम्प्युटरच्या डिस्कची."

"कितीला देतेस?"

"फुकट."

"आणि कुलूप आतून कसं आहे, तेही लोकांना दाखवतेस?"

"हो. सगळ्यांना."

"मग चोर बघत नाहीत?"

"बघू देत की. कुलूप कसं बनतं ते कळलं म्हणून किल्ली थोडीच मिळते? आतलं दाखवायला जो घाबरतो ना वहिनी, त्याचं कुलूप घेऊ नये."

वहिनी घरी गेल्या आणि दिवे लागायच्या आत गल्लीत पक्कं झालं, की कोपरकरांची सून कुलपं फुकट वाटते आणि वर चोरांची शिकवणीही घेते. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानं शलाकाच्या सासूबाईंना, कमळाबाईंना, कोथिंबीर देता देता सांगितलं, "अम्माजी, एक ताला हमें भी दिलवा दो." कमळाबाई म्हणाल्या, "पहले तराजू ठीक करो, फिर ताला मांगो."

शलाका मूळची दतिया गेटची. तिथली जुनी मराठी घरं स्वतःला झाशीचीच समजतात. पूर्वज फौजेबरोबर आले ते मुक्काम हलवायचं विसरले. प्रेम नगरातली मराठी माणसं त्यामानानं कालची, कोणी भुसावळहून बदलीवर आलेलं, कोणी नागपूरहून. दतिया गेटवाले यांना 'रेल्वेवाले' म्हणतात, हे त्यांना 'सरदार' म्हणतात, आणि दोन्ही गोष्टी प्रेमानं, म्हणजे माघारी. शलाकानं सरदारांत जन्म घेऊन रेल्वेवाल्यांत लग्न केलं, तेव्हा नावं ठेवायची दोन्हीकडे सोय झाली.

कॉलेजात असताना तिचा लॅपटॉप झाशी स्टेशनावरून गेला. ती चहाचा कुल्हड घ्यायला वळली, तेवढ्यात. घरच्यांना मशीन गेल्याचं दुःख. हिला वेगळंच लागलं. म्हणाली, "चोरी त्यानं एकदा केली. वाचत मात्र रोज असेल." पुढचं मशीन आलं तशी ती एक प्रोग्राम लिहायला बसली. डिस्कवरचं सगळं असं कालवून ठेवायचं, की परवलीचा शब्द माहीत नसेल त्याला नुसता चिवडा दिसावा. नाव ठेवलं 'अडसर'. माहेरच्या दाराला आतून एक सागवानी दांडा आडवा लावत, त्यावरून. पुढे त्या अडसराचा गोतावळा वाढला. कुठे डोंगरातला एखादा डॉक्टर रुग्णांची माहिती त्याच्याआड ठेवतो, कुठे वकील अशिलांचे कागद, कुठे बातमीदार आपल्या खबऱ्यांची नावं. यांतल्या कोणीही झाशी पाहिलेली नाही. पण रोज निजताना ते दतिया गेटचा दांडा लावून निजतात.

पोटापाण्याला शलाका घरबसल्या एका कंपनीचं काम करते. सकाळ मात्र अडसराची. जगभरातून लोक बदल सुचवून पाठवतात, आणि ती मांडीवर परात घेऊन ते वाचते. हिवाळ्यात मटार, उन्हाळ्यात चिंच, काहीतरी निवडायला असतंच. शेंग न बघता सोलता येते, कोड बघितल्याशिवाय आत घ्यायचा नाही, हा तिचा नियम. एकदा कोण्या परदेशी प्रोग्रामरनं फार देखणा बदल पाठवला. हिनं मटार संपेपर्यंत वाचला आणि कळवलं, सुंदर आहे पण नको. जितकी दारं जास्त तितकी राखण जास्त. तो रुसला. ही पोळ्या लाटायला उठली.

आता करंड्याकडे येऊ.

अडसराची नवी आवृत्ती निघाली की शलाका तिच्यावर एक शिक्का मारते. डोळ्यांना न दिसणारा, गणिताचा शिक्का. लोकांचे कॉम्प्युटर तो पारखतात. शिक्का नसला तर आवृत्ती दारातूनच परत. हा रोजच्या वापरातला शिक्का दर जानेवारीत बाद होतो, आणि नवा पाडायला थोरला शिक्का लागतो. थोरला शिक्का ज्याच्या हाती पडेल तो अडसराच्या नावानं जगाच्या गळ्यात काहीही बांधू शकेल. म्हणून तिनं तो अख्खा कुठेच ठेवला नव्हता. त्याचे तीन वाटे केले होते. कोणतेही दोन एकत्र आले की शिक्का पुरा, आणि एकट्या वाट्यातून काही म्हणजे काही कळायचं नाही. स्वतःजवळ एकही ठेवला नाही. "माझ्याजवळ नसलंच, तर माझ्याकडून कोण काढून घेणार?" असा रोकडा हिशेब.

वाटे म्हणजे नखाएवढी मेमरी कार्डं. ती ठेवायला तिनं बडा बाजारातून पितळी करंडे आणले. दुकानदार म्हणाला, "दर्जन से कम नहीं दूंगा, दीदी," म्हणून डझनभर आले. जुन्या वळणाचे करंडे: एका कप्प्यात कुंकू, दुसऱ्यात ते कपाळावर टिकावं म्हणून आधी लावायचं मेण. मेणाच्या तळाशी कार्ड बसवलं, वरून पुन्हा मेण ओतलं. एक करंडा दतिया गेटला तारा आत्याकडे गेला, एक इटारसीला भावाकडे, मुकुलकडे, आणि एक घरातच, कमळाबाईंच्या देवघरात. तिघांनाही एवढंच बजावलं: "जपून ठेवा. आत काय आहे ते विचारू नका." उरलेले करंडे कपाटात गेले. आणि इथेच शलाकाचं गणित चुकलं, कारण त्यात संक्रांत धरलेली नव्हती.

यंदा जानेवारीत ओस्लोहून एका संशोधकाची मेल आली. त्याला अडसरात एक भोक सापडलं होतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की अडसर दार लावून घ्यायचा खरा, पण किल्ली बाहेरच्या खिळ्यालाच लटकत राहायची. माणूस सभ्य होता. म्हणाला, बुजवा, मी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गप्प बसतो, मग जगाला सांगणार. शलाका रागावली नाही, घाबरलीही नाही. चूक आपली, सापडली, आता बुजवू, म्हणून कामाला लागली आणि मटारांचा हंगाम सरायच्या आत दुरुस्ती तयारही झाली. उरला शिक्का. जुना नुकताच बाद झालेला. तिनं मुकुलला फोन केला.

"मुकुल, तो करंडा घेऊन ये."

"करंडा आहे, ताई."

"आहे ना? मग आण."

"करंडा आहे. त्यातलं कार्ड... अगं, गणपतीत छोकरीचा नाच होता, आणि ऐन वेळी माझ्या फोनमध्ये जागा नव्हती, तर ते पुसून आत घातलं."

"तू मेण कशाला उकरलंस?"

"तूच म्हणालीस विचारू नका. मी विचारलं का? नुसतं बघितलं."

शलाकानं मनातल्या मनात उरलेले वाटे मोजले. मग म्हणाली, "नाच कसा झाला?"

"एकदम फर्स्टक्लास."

"मग पाठव मला."

तीनपैकी एक गेला तरी चालेल, अशीच तर तिची रचना होती. दोन होते, दोनच लागत होते. तारा आत्याला फोन केला. आत्याचा करंडा तिजोरीत दागिन्यांखाली होता आणि आत्यानं त्याला बोटही लावलं नव्हतं. शलाका देवघरात गेली, तिथला करंडा घेतला, केसातला आकडा काढून मेण उकरलं. मेण, मेण, मग पितळ. कार्ड नाही.

"आई, हा तो करंडा नाही."

कमळाबाई वाती वळत होत्या. "तोच आहे की. म्हणजे, त्याचा भाऊ."

"आणि तो कुठे गेला?"

"वाणात," कमळाबाई म्हणाल्या, गाडी वेळेवर सुटली म्हणून सांगावं तशा. "मागच्या संक्रांतीला तुझे कपाटातले लुटले नाहीत का? सगळे काळे पडले होते. देवघरातला मी चिंचेनं घासत असते, चकचकीत. बकुळ नेमकी तिच्या बहिणीला घेऊन आली. वाण द्यायचं तर चांगलं द्यावं. मग तो बकुळला दिला आणि एक काळा घासून देवापुढे ठेवला. मला वाटलं, तुझं ते जे काही आहे, ते कोणत्याही करंड्यात राहील."

"ते करंड्यात नव्हतं, आई. त्या करंड्यात होतं."

"मग तसं सांगायचं होतंस. तू म्हणालीस, विचारू नका. मी सासू असून विचारलं नाही. अशी सासू दाखव झाशीत दुसरी."

यावर शलाकाला हसूच आलं, कारण मुद्दा बिनतोड होता. जगातल्या प्रत्येक चोराचा विचार करून तिनं कुलूप घडवलं होतं, आणि राखणदारांना मात्र आपण कशाची राखण करतोय हेच सांगितलं नव्हतं.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. करंडा मिळाला नाही तर थोरला शिक्का कायमचा गेला. मग नवा शिक्का करून जगाला सांगायचं, की बाबांनो, ही मीच आहे, विश्वास ठेवा. आणि इतकी वर्षं तिनंच लोकांना शिकवलं होतं, की असं कोणी म्हणालं तर मुळीच ठेवू नका. चोरही हेच म्हणतो. अर्धे लोक तिचंच ऐकून नवी आवृत्ती दारातून परत पाठवणार, आणि त्यांची किल्ली खिळ्याला लटकलेली राहणार. तो डोंगरातला डॉक्टर, तो वकील, तो बातमीदार.

ती बकुळ वहिनींकडे गेली.

"करंडा ना? आहे की. जाईल कुठे?" वहिनी म्हणाल्या.

"बघू जरा?"

"आत्ता कसा? वरती माळ्यावर टाकलाय. शोधते ना, सवडीनं."

माळ्यावर करंडा नव्हता हे शलाकाला कळलं, आणि तिला कळलं हे वहिनींनाही कळलं. पण वाणाचा कायदा असा आहे, की आलेलं वाण पुढे सगळ्याच ढकलतात आणि कबूल कोणी करत नाही. त्यातून झाशीत मराठी घरं मोजकी. प्लास्टिकची एक हिरवी चाळणी सगळ्या रेल्वेवाल्यांकडे मुक्काम करून, सरदारांकडे पाहुणचार घेऊन मूळ घरी परत आली होती म्हणतात. घरधनिणीनं तिला ओळखलं आणि पुन्हा प्रवासाला लावलं.

"सोन्याचं काही आहे म्हणून सांग. पटकन सापडेल," कमळाबाईंनी सुचवलं.

"मग घराघरात सापडेल."

"तर मग मी बकुळला चांगली झाडते."

"नको. ती कबूल व्हायची नाही आणि पुढच्या बायका सावध होतील." शलाकानं परात पुढे ओढली आणि मटार सोलायला घेतले. "आई, करंडा कोणी कोणाला दिला, हे मला कळायला नकोच आहे. मला करंडा हवाय. कबुली न मागता वस्तू मिळाली पाहिजे. अहो, मी रोज दुसरं काय करते? परवलीचा शब्द मला न सांगता लोक माझ्या कुलपातून आतबाहेर करतात. तसंच इथे करू."

दोघींनी मिळून बेत ठरवला. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, आणि रथसप्तमी यायची होती. फोनवर निरोप गेले, मराठीत आणि हिंदीत: शलाकाला पितळी करंडे हवे आहेत, असेल त्यांनी घेऊन यावं. कोणाकडून आला ते कोणी विचारणार नाही. येईल तिला तांब्याची लोटी वाण, करंडा आणलेला असो की नसो.

तारा आत्याचा लगेच फोन. "हळदीकुंकवाचं आवतण हिंदीत? एवढंच बघायचं राहिलं होतं."

"आत्या, करंडा गल्ली ओलांडताना भाषा बघत नाही."

हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीच्या दाराला पडदा लावला. आत एक मोठी टोपली, तिच्यावर चादर. एकेकीनं आपली पिशवी घेऊन आत जायचं, ठेवायचं ते ठेवायचं, ठेवायचं नसेल तर नुसतं उभं राहायचं, आणि लोटी उचलून बाहेर यायचं. सगळ्या आत जाणार, सगळ्या लोटी घेऊन येणार. मग कोणी काय ठेवलं हे बाहेर बसलेल्या बाईला कळायचा मार्गच नाही, आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांचे डोळे पडद्याला खिळलेले.

समोरच्या घरच्या मिश्राइन पडद्याशी थबकल्या. "भाभीजी, अंदर कोई बैठा तो नहीं?"

"कोई नहीं," शलाका म्हणाली.

"तो फिर ठीक है," म्हणत त्या उत्साहानं आत गेल्या.

बकुळ वहिनी बराच वेळ आत होत्या. जाताना पिशवी गाभण, येताना सपाट. विचारायचं नाही असं ठरलं होतं म्हणून कोणी विचारलं नाही. पण ठरलेलं नसतं तर काय झालं असतं, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तारा आत्या रिक्षातून आपला करंडा मांडीवर घेऊन आली आणि तो पदराखाली धरून कोपऱ्यात बसली, कोणाच्या हाती म्हणून दिला नाही.

पाहुण्या गेल्यावर चादर काढली. टोपलीत करंडे होतेच, पण त्यांच्याबरोबर अख्ख्या वस्तीचं नकोसं झालेलं वाण येऊन पडलं होतं. साबणाच्या डब्या, चहाची गाळणी, प्लास्टिकची फुलं, कंगव्यांचे संच. सगळ्यांत वर ती हिरवी चाळणी.

"अगो, ही चाळणी तर मी..." कमळाबाईंनी सुरुवात केली.

"आई. ठरलंय."

कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या संसारातला तो सर्वांत अवघड प्रसंग असावा.

मग आकडे घेऊन तिघी उकरायला बसल्या. एका करंड्यात वाळलेलं कुंकू, एकात कापूर, एकात ब्लाउजची बटणं. मेण तर बहुतेकींनी कधीच संपवलेलं. आत्या पुटपुटायला लागली, की हे मेण रोज वापरायची वस्तू, यात काय राहणार. तेवढ्यात शलाकानं एक करंडा उघडला आणि थांबली. त्यात कुंकू नव्हतंच. नारिंगी शेंदूर होता, भांगात भरतात तो. आणि शेजारच्या कप्प्यातलं मेण जसं ओतलं होतं तसं गुळगुळीत, बोटाचा ठसासुद्धा नाही. करंडा मराठी घरांच्या बाहेर जाऊन आला होता. जिथे मेणावर कुंकू लावायची रीतच नाही, तिथे मेणाला कोण हात लावणार? आपल्याकडेच राहिला असता तर कार्ड केव्हाच निघून कोणाच्या तरी फोनात नाच साठवत बसलं असतं. तिनं आकडा खुपसला. कार्ड वर आलं.

"शेंदूर म्हणजे हा..." कमळाबाईंच्या डोळ्यांपुढून गल्लीतली घरं भराभर सरकायला लागली.

"आई."

"मी काही म्हटलं का?"

दोन्ही कार्डं कॉम्प्युटरला लावली. थोरला शिक्का पुरा झाला, त्यानं नवा शिक्का पाडला, आणि नव्या शिक्क्यानिशी दुरुस्त केलेला अडसर जगात गेला.

"झालं?" आत्यानं विचारलं.

"झालं."

"एवढंच? मला वाटलं, काही आवाज तरी होईल."

पुढे ओस्लोवाल्यानं ठरल्याप्रमाणे भोकाची हकीकत छापली. तोवर नवी आवृत्ती घरोघरी पोचली होती, त्यामुळे काहीच झालं नाही. काहीच झालं नाही, ही शलाकाच्या धंद्यातली सर्वांत मोठी बातमी, आणि ती कोणतंच वर्तमानपत्र छापत नाही. त्या माणसानं कळवलं, की इतकं झटपट काम कमी लोक करतात. तिनं उत्तर दिलं, शेजारणींची मदत झाली.

त्यानंतर तिनं शिक्क्याचे वाटे नव्यानं केले. जुने बाद. या वेळी ज्याच्या हाती दिले त्याला समोर बसवून सांगितलं, की हे काय आहे आणि गेलं तर कोणाचं काय जाईल. मुकुलला वाटा मिळाला नाही. एक कोरं कार्ड मिळालं, पुढच्या गणपतीतल्या नाचासाठी. कमळाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, त्या डोंगरातल्या डॉक्टरचं दोनदा विचारलं, आणि मग स्वयंपाकघरातून आपली विळी घेऊन आल्या.

"हिच्या पाटाला खालून खोबण पाड," त्या म्हणाल्या. "विळी कोणी कोणाला वाणात देत नाही. उसनी मागितली तर मी तीही देत नाही."

आता कोणी म्हणेल, हे असं सांगून टाकलं म्हणजे गुपित फुटलंच की. फुटू द्या. एका वाट्यातून काही कळत नाही, हे खुद्द शलाकाचं गणित आहे. दुसरा आणि तिसरा कुठे आहेत, ते बकुळ वहिनींनासुद्धा अजून कळलेलं नाही, आणि त्या काही स्वस्थ बसलेल्या नाहीत.